डार्विन ते काकाडू: गाइडबरोबरची फोर-बाय-फोर कॅम्पिंग सहल

डार्विनमधून सकाळी निघायचं, लिचफिल्ड, निटमिलुक आणि काकाडू ही तीन राष्ट्रीय उद्यानं फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या, गाडीने बघायची, रात्री उघड्यावर झोपायचं आणि आठवडा भरायच्या आत परत यायचं, अशी ही सहल. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला अशा सहली काढणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत. आमची लहान गटाची होती. गाडीत मावतील तेवढे प्रवासी आणि एकच गाइड. तीच ड्रायव्हर, स्वयंपाक तिच्याकडेच, टायर पंक्चर झाला तर तो बदलायचाही तिनेच. माणशी पंधराशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर पैसे पडले, शिवाय काकाडूचा पास कोरड्या मोसमात मोठ्या माणसाला ४० डॉलर. स्वस्त नाही. तरी मी ही सहल घ्या असंच सांगेन, आणि त्याचं मुख्य कारण आमची गाइड आहे. कुठे थांबायचं, कुठे पाण्यात उतरायचं नाही आणि कुठून मागे फिरायचं हे तिला नेमकं कळत होतं. त्या मुलखात पैसे मोजायचे ते याचे.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. लेक ब्रिस्बेनला असते, बुकिंग तिनेच केलं आणि तीही बरोबर होती. चालायची आवड आहे, पण दगडांवरून उड्या मारण्याइतके गुडघे आता धड नाहीत. हे लक्षात घेऊन पुढचं वाचा.

आधी गाडीबद्दल. गाडी होती लँड क्रूझरची ती लांब, उंच, पेटीसारखी जात, जिला तिकडे सगळे ‘ट्रूपी’ म्हणतात. इंजिनाला हवा पुरवणारी नळी छपराच्या उंचीपर्यंत नेलेली, मागे दोन जादा टायर, छतावर पाण्याचे कॅन आणि अंथरुणं. यंत्र म्हणून तिला नावं ठेवायला जागा नाही. पण मागे बसायला समोरासमोरची आडवी बाकं आहेत, आणि हे जाहिरातीत कुठेही लिहिलेलं नाही, आतला फोटोही नाही. डांबरी रस्त्यावर काही वाटत नाही. कच्च्या रस्त्यावर गाड्या जाऊन जाऊन आडव्या बारीक वळ्या पडलेल्या असतात, त्यांवरून तासभर आडवं बसून गेलं की कंबरेचा प्रत्येक मणका वेगळा कळतो. गाइडने दर थांब्याला जागा बदलायला लावल्या आणि पुढची सीट पाळीपाळीने सगळ्यांना दिली. तिने तिच्या परीने केलं, पण कंपनीने हे आधी सांगायला हवं होतं. तुम्ही बुकिंग करताना पहिला प्रश्न हाच विचारा: सीट समोर तोंड करून आहेत की बाकं आहेत?

लिचफिल्ड डार्विनच्या दक्षिणेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, त्यामुळे तिथे गर्दी असते. वांगी, फ्लॉरेन्स हे धबधबे छान आहेत, पण तिथपर्यंत डांबरी रस्ता जातो आणि शाळेच्या सुट्टीत डोहाच्या काठी टॉवेल टाकायला जागा नसते. एवढ्यासाठी कुणी फोर-बाय-फोरचे पैसे देऊ नयेत. मी तिथे रमले ते वाळवीच्या वारुळांपाशी. पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या एका मोकळ्या मैदानात पातळ, उभी, करड्या पाट्यांसारखी वारुळं, आणि सगळी एकाच दिशेने: धारेची टोकं उत्तर-दक्षिण. ही वाळवी अमिटर्मिस मेरिडिओनॅलिस. पावसाळ्यात जमीन पाण्याखाली जाते, तेव्हा तिला खाली खोल शिरून ऊन टाळता येत नाही. म्हणून वारूळच असं बांधायचं की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन रुंद बाजूंवर पडावं आणि भर दुपारी फक्त धारेवर. आतलं तापमान त्यामुळे फार चढउतार करत नाही. इतकी वर्षं मी वर्गात प्राण्यांच्या अनुकूलनाची उदाहरणं दिली. हे उदाहरण डोळ्यांपुढे शेकड्यांनी उभं होतं. गाइडने होकायंत्र काढून माझ्या हातात दिलं आणि ‘तपासून बघा’ म्हणाली. बाकीच्यांना पोहायला जायची घाई होती, तरी तिने मला तिथे पुरता वेळ दिला.

खरी ऑफ-रोड वाट सुरू झाली ती लिचफिल्डच्या दक्षिण भागात, रेनॉल्ड्स नदीच्या कच्च्या रस्त्यावर. हा रस्ता फक्त कोरड्या मोसमात उघडतो. गाइडने डांबर संपताच उतरून चारही टायरमधली हवा कमी केली. नरम टायर वळ्यांचे धक्के स्वतः सोसतो आणि वाळूत पसरतो, रुतत नाही. मग पाण्याचा ओलांडा आला. इतर देशांत असा ओहोळ लागला की ड्रायव्हर आधी पाण्यात उतरतो, काठीने खोली बघतो, तळाशी दगड आहेत की चिखल ते पायाने चाचपतो. इथे ते करायचंच नाही, कारण पाण्यात मगर असू शकते. गाइडने इंजिन बंद केलं, काठावरच्या खोलीच्या फळीवरचा आकडा वाचला आणि पलीकडून कुणी येतं का याची वाट बघत बसली. बऱ्याच वेळाने समोरून एक गाडी आली. तिचं चाक कुठवर बुडालं, ती कुठल्या रेषेने आली, हे तिने बघितलं, त्या ड्रायव्हरशी दोन शब्द बोलली आणि मग गाडी घातली. लो गिअर, एकसारखा वेग, पुढे पाण्याची एक लाट ढकलत. मध्ये गिअर बदलणं नाही, थांबणं नाही. पलीकडे चढल्यावर गाडीत टाळ्या पडल्या. मला मात्र त्या थांबण्याचं जास्त अप्रूप वाटलं. आमच्यातला एक तरुण ‘एवढ्याशा पाण्याला किती वेळ’ म्हणून कुरकुरत होता. तिने त्याच्याकडे शांतपणे बघून सांगितलं, ‘मला हा रस्ता गेल्या आठवड्याचा माहीत आहे, आजचा नाही.’

मगरींबद्दल नीट समजून घ्या, कारण सहलीचा अर्धा दिनक्रम त्यांच्यावर ठरतो. तिथे दोन जाती आहेत. गोड्या पाण्यातली लहान, निमुळत्या तोंडाची, जास्तीत जास्त तीन मीटरची. डिवचलं नाही तर सहसा वाटेला जात नाही. दुसरी खाऱ्या पाण्यातली, जिचा नर सहा मीटरपर्यंत वाढतो, आणि ती माणूस खाते. तिच्या नावावर जाऊ नका, कारण ती गोड्या पाण्यातही मजेत राहते. पावसाळ्यात मैदानंच्या मैदानं पाण्याखाली गेली की ती नद्यांतून वर, धबधब्यांच्या डोहांपर्यंत पोचते आणि पाणी ओसरलं की तिथेच राहू शकते. कातड्यासाठी शिकार होऊन ही जात संपत आली होती. नॉर्दर्न टेरिटरी या इथल्या प्रांतात १९७१ साली तिला संरक्षण मिळालं आणि आज तिथे तिची संख्या लाखाच्या आसपास गेली आहे. मला याचा आनंदच आहे. म्हणूनच दरवर्षी कोरडा मोसम सुरू झाला की रेंजर रात्री बोटीतून दिव्याच्या झोतात डोळे शोधतात, सापळे लावतात, पाण्यावर फोमचे तरंगे सोडतात. तरंग्यावर दातांच्या खुणा उमटल्या की डोह बंदच.

आमच्या वेळी काकाडूतला ट्विन फॉल्स हा धबधबा बंद होता. जाहिरातीच्या पहिल्या पानावर मात्र त्याचाच फोटो आहे. बारीक अक्षरांत ‘मार्गात बदल होऊ शकतो’ असं लिहिलेलं आहे, आणि कायद्याने ते पुरेसं असेल, पण ही जागा बहुतेक वर्षी मे अखेर किंवा जूनमध्ये आणि कधी त्याहूनही उशिरा उघडते, हे मोठ्या अक्षरांत लिहायला कंपनीला काय अडचण आहे? गटातल्या दोघी खास त्यासाठी आल्या होत्या, त्यांचा चेहरा बघवेना. गाइडने लपवाछपवी केली नाही. आदल्या रात्री शेकोटीपाशी नकाशा पसरून सर्वेक्षण पूर्ण झालेलं नाही, का झालेलं नाही आणि त्याऐवजी आपण मागुकला जास्त वेळ देऊ, हे सांगितलं. मागुकचा डोह छोटा, कड्यांच्या मध्ये, पाणी इतकं नितळ की तळाचे मासे मोजावेत. तिथे आम्ही अर्धा दिवस होतो. मला विचाराल तर काही बिघडलं नाही. पण त्या दोघींचे पैसे त्या फोटोला बघून गेले होते, हेही खरं.

मध्ये निटमिलुक झालं. कॅथरीन नदीने वालुकाश्मात कापलेल्या तेरा घळी, १९८९ साली जावोइन लोकांना परत मिळालेली ही जमीन. बोटीने दोन घळी बघितल्या. मध्ये खडकांचा बांध आडवा येतो तिथे उतरून, चालून, पलीकडच्या बोटीत बसायचं. सुंदर आहे, पण इथे आमची घाई झाली. दुपारी पोचलो, संध्याकाळी बोट, सकाळी लवकर मुक्काम हलवला. वरच्या कड्यावरची पायवाट राहूनच गेली.

मग पाइन क्रीकहून काकाडूत शिरलो. हे उद्यान जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरचं आहे. उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांना बिनिंज म्हणतात, दक्षिणेकडच्यांना मुंगुय, आणि उद्यानाचा कारभार ते आणि सरकारी पार्क खातं मिळून बघतात. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ते निसर्गासाठीही आहे आणि संस्कृतीसाठीही. इथे ‘कोरडा’ आणि ‘ओला’ असे दोनच मोसम बाहेरचे लोक मानतात. बिनिंज सहा मानतात. आम्ही गेलो तो वुर्गेंग होता, थंडीचा, साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा. दिवसा तिशीच्या वर तापमान, पण पहाटे अंगावर जाड काहीतरी हवंच.

या मोसमात रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी आग लागलेली दिसते. पहिल्यांदा बघून पोटात गोळाच आला. गुडघाभर ज्वाळा, धूर रस्त्यावर, आणि वर घारींचं मोठं वर्तुळ. गाइडने गाडी बाजूला घेतली. ही आग मुद्दाम लावलेली असते. मोसमाच्या सुरुवातीला, गवतात थोडी ओल असताना, तुकड्या-तुकड्याने जाळायचं, म्हणजे आग मंद राहते, झाडांचे शेंडे वाचतात, आणि मोसम संपताना सगळं कडकडीत वाळल्यावर वणवा पेटलाच तर त्याला पसरायला सलग गवत मिळत नाही. घारी जमतात त्या आगीपुढे पळणारे टोळ आणि सरडे टिपायला. ही रीत हजारो वर्षांची आहे. ज्या झाडावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तेही तिथेच होतं: पानं नसलेल्या काटक्या आणि टोकाला पिवळीजर्द मोठी फुलं. मी लेकीला म्हटलं, ‘अगं, ही तर सोनसावर!’ जात वेगळी, पण कूळ आणि प्रजाती तीच, कॉक्लोस्पर्मम. गाइडने सांगितलं की हे फुललं की गोड्या पाण्यातल्या मगरींचा अंडी घालायचा काळ आला असं इथले लोक ओळखतात. झाडावरून नदीतला हिशेब ठेवणारं हे ज्ञान ऐकून मला फार भरून आलं. पानं शिवून घरटी करणाऱ्या हिरव्या मुंग्याही तिथेच भेटल्या. आपल्याकडे आंब्याच्या झाडावर चावणाऱ्या लाल मुंग्या आणि या, जात एकच, रंग तेवढा वेगळा. गाइडने एक पकडून तिचा पार्श्वभाग जिभेला लावून दाखवला, लेकीनेही लावला. लिंबासारखं आंबट लागतं म्हणे. मी लावला नाही.

जिम जिम धबधब्याचा दिवस सगळ्यात अवघड. हमरस्ता सोडल्यावर सुमारे पन्नास किलोमीटर कच्चा रस्ता आणि शेवटचे दहा किलोमीटर फक्त फोर-बाय-फोरसाठी, वाळू आणि झाडांच्या मुळांमधून. तिथून पुढे किलोमीटरभर पायी. आकडा ऐकून फसू नका. आधी सावलीची वाट आहे, पण नंतर घरांएवढ्या दगडांच्या राशीवरून चढत-उतरत जायचं असतं, आणि दगड गुळगुळीत. मी काही ठिकाणी बसून घसरत उतरले. गाइडने कुणालाही मागे एकटं ठेवलं नाही. पुढे कुणीतरी धडधाकट पाठवला आणि ती स्वतः सगळ्यांत मागे माझ्याबरोबर राहिली. दगडांची रास संपली आणि समोर आला तो तांबूस कडा. दीडशे मीटरांहून जास्त उंची, तिन्ही बाजूंनी भिंत, मधोमध पाण्याची एक पांढरी धार आणि खाली काळा डोह, त्याला पांढऱ्या वाळूचा किनारा. जुलैत धार बारीक झालेली होती. त्या दिवशी तो डोह पोहायला खुला होता, म्हणून उतरले. पाणी इतकं गार की श्वास अडकला. पाठीवर तरंगत वर बघितलं तर कड्याच्या कडेवरून पाणी सुटतं आणि अर्ध्या वाटेत वाऱ्याने त्याचं धुकं होतं. तिथे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. परतीच्या वाटेवर पाय थरथरत होते आणि मी अतिशय आनंदात होते.

आता मुक्कामांबद्दल. झोपायला ‘स्वॅग’ असतो: जाड कॅनव्हासची पिशवी, आत पातळ गादी, डोक्याकडे मच्छरदाणीचं झाकण. जमिनीवर टाकायचा आणि आत शिरायचं. दिवसाच्या धुळीनंतर त्यात जी झोप लागते ती हॉटेलात लागत नाही. डोक्यावर वृश्चिक, दक्षिणेला त्रिशंकू आणि त्याच्या शेजारी मित्र हा तारा, आणि आकाशगंगा इतकी दाट की तिच्यातले काळे पट्टेही स्पष्ट दिसतात. रात्री एक पक्षी बाईने हंबरडा फोडावा तसा ओरडतो. तो करवानकाचा तिकडचा भाऊबंद, घाबरू नका. पण कंपनीने स्वॅगांची निगा ठेवलेली नाही. आमच्यापैकी एकाच्या मच्छरदाणीची चेन तुटलेली होती. काकाडूतल्या पाणथळीजवळ सूर्य मावळला की डासांचा जो हल्ला होतो, त्यात तुटकी चेन म्हणजे जागरण. गाइडने आपला स्वॅग त्याला दिला आणि स्वतः गाडीत झोपली. हे तिच्यावर यायला नको होतं. स्वच्छतागृहं बहुतेक ठिकाणी बरी, काही ठिकाणी नुसता खड्ड्याचा संडास, आणि रात्री तिथल्या दिव्याखाली हमखास केन टोड. उसावरच्या किड्यांसाठी १९३५ साली क्वीन्सलँडमध्ये आणलेला हा विषारी बेडूक २००१ मध्ये काकाडूत पोचला आणि त्याला खाऊन तिथली क्वोल ही ठिपक्यांची मांसभक्षक आणि मोठ्या घोरपडी झपाट्याने कमी झाल्या. बॅटरीच्या उजेडात तो शांत बसलेला असतो. मला बघवत नसे.

जेवण मांसाहारी असाल तर भरपूर आणि चांगलं. मी शाकाहारी. बुकिंगमध्ये लिहिलं होतं, गाइडने माझी कढई पहिल्यापासून वेगळी ठेवली, हे विशेष. निखाऱ्यांत पुरलेल्या लोखंडी भांड्यातली पाव-रोटी आणि भाजलेला लाल भोपळा मी पुन्हा खाईन. पण कंपनीने तिला शाकाहारासाठी दिलेलं सामान म्हणजे चीज, मशरूम आणि पुन्हा चीज. नंतरच्या दिवसांत लेकीने घरून आणलेल्या लसणीच्या चटणीवर भागलं. भारतातून जाणार असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावर जाहीर करायला विसरू नका, त्याबाबत ऑस्ट्रेलिया अतिशय कडक आहे.

यलो वॉटरची पहाटेची बोटफेरी सहलीच्या पैशांत आहे आणि ती चुकवू नये. धुकं पाण्यावरून उठत होतं, कमळं, तीच आपली कमळं, मैलभर पसरलेली, पानांवरून लांब बोटांचे कमळपक्षी चालत होते. काळ्या मानेचा करकोचा मासा मारताना दिसला, समुद्र गरुडाची जोडी दिसली आणि एक मोठी मगर बोटीच्या बाजूने, लाकडासारखी, आवाज न करता गेली. काकाडूत २८० हून अधिक जातींचे पक्षी नोंदले आहेत. दुर्बीण न्याच; कंपनीच्या दोनच आहेत आणि त्याही धूसर.

पण मला अख्ख्या सहलीतून एकच जागा ठेवायला सांगितली तर मी खडकांवरची चित्रं ठेवेन. बुरुंगकुयला, जिला नकाशावर बरेचदा नॉरलँजी लिहितात, नामारगोन आहे: विजेचा पुरुष, अंगाभोवती विजेची कमान, आणि ढगांवर आपटायला डोक्याला, कोपरांना, पायांना दगडी कुऱ्हाडी. ती चित्रं नायोम्बोल्मी या चित्रकाराने १९६३-६४ च्या सुमारास काढली, पुन्हा रंगवली. म्हणजे ही परंपरा अगदी माझ्या काळापर्यंत चालत आलेली. आणि उबिर या दुसऱ्या खडकाळ जागी मासे काढलेले आहेत, ज्यांचे काटे आणि आतडी बाहेरून दिसतात, जणू शवविच्छेदनाची आकृती. वर्गात फळ्यावर मी काढायचे त्यापेक्षा कितीतरी सरस. उंच कड्यावर थायलासिन हा कुत्र्यासारखा मांसभक्षक प्राणी काढलेला आहे, पाठीवर पट्टे असलेला. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो प्राणी सुमारे ३,००० वर्षांपूर्वी गेला. टास्मानियातला शेवटचा १९३६ साली होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. ज्याने हा काढला त्याने तो चालताना बघितला होता. मी तिथे उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

गाइड इथे फार समजून वागली. ती स्वतः बिनिंज नाही, आणि तिने ते सुरुवातीलाच सांगितलं. लोकांनी बाहेरच्यांना सांगायची परवानगी दिलेल्याच गोष्टी ती सांगत होती. त्यातली माबुयू नावाच्या माणसाची मला आवडली. तो मासे दोरीत ओवून ओढत घरी चालला होता; कुणीतरी दोरी कापून मासे पळवले. चोर मासे खाऊन गुहेत झोपले, तेव्हा माबुयूने गुहेच्या तोंडाशी मोठा दगड लावला. ते बाहेर आलेच नाहीत. कुणी याहून खोलातलं विचारलं की ती म्हणायची, ‘ते मी सांगायचं नाही.’ आणि एका चित्रापाशी ‘इथे फोटो नको’ म्हणाली तर एकानेही कॅमेरा वर केला नाही.

तक्रार एवढीच की या सगळ्याला दुपारनंतरचा वेळ ठेवला आहे. उबिरच्या माथ्यावरून नाडाब मैदानावरचा सूर्यास्त बघायचा असतो, हिरवंगार सपाट मैदान आणि पलीकडे आर्नहेम लँडचा कडा, त्यामुळे सगळ्या कंपन्या सगळ्या गाड्या तेव्हाच आणतात. चित्रांपुढे रांगा लागतात. सकाळी दार उघडताच इथे आणलं असतं आणि लिचफिल्डचा एक धबधबा कमी केला असता, तर कुणाचं काही गेलं नसतं. परतताना काहिल्स क्रॉसिंगला थांबलो. ईस्ट अ‍ॅलिगेटर नदी ओलांडणारा हा काँक्रीटचा सखल रस्ता भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो, आणि भरतीबरोबर वर चढणारे मासे खायला मगरी ओळीने तोंड उघडून उभ्या असतात. बघायला वर कठडा आहे. पलीकडे आर्नहेम लँड, तिथे परवाना लागतो, आम्ही गेलो नाही.

शेवटच्या सकाळी जबिरूमधून जाताना गाइडने रेंजर युरेनियम खाणीबद्दल सांगितलं. हे गावच त्या खाणीसाठी वसलं. तिथलं उत्पादन जानेवारी २०२१ मध्ये थांबलं आणि आता जमीन पूर्ववत करायचं काम चालू आहे. सभोवार जागतिक वारसा आणि मध्ये ही खाण. सहलीच्या माहितीपत्रकात याचा एका शब्दाने उल्लेख नाही. गाइडने चालत्या गाडीत सांगितलं, पण मला वाटतं गावात थांबून अर्धा तास तरी द्यायला हवा होता.

कधी जावं, तर जूनचा शेवट ते जुलै. त्याआधी जिम जिमचा रस्ताच बंद असू शकतो, सप्टेंबरपर्यंत धार आटून नुसता कडा उरू शकतो. सामान मऊ पिशवीत न्या, चाकांची बॅग गाडीत शिरत नाही. दगडांवर पकड घेणारे बूट, डोक्याला लावायची बॅटरी, डासांचं मलम, पहाटेसाठी स्वेटर. गुडघे माझ्याहून वाईट असतील तर जिम जिमच्या दिवशी कॅम्पवर थांबायची सोय आहे का ते आधी विचारा, कारण आमच्याकडे नव्हती. आणि जिम जिम भरून कोसळताना बघायचा असेल तर ही सहल त्यासाठी नाही. तो भरात असतो तेव्हा तिथे जाणारे सगळे रस्ते पाण्याखाली असतात. पावसाळ्यात जबिरूहून छोट्या विमानातून वरून बघता येतो, तेवढाच मार्ग आहे.